ग्लेझची कृती सांगायची, तर पुरती सांगा

ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावर भाजून चढवलेला काचेसारखा थर. इंग्लंडमधल्या स्टुडिओ कुंभाराला, म्हणजे स्वतःच्या छोट्या कार्यशाळेत हाताने भांडी घडवणाऱ्याला, ‘हा रंग कसा आला?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा तो ग्लेझमधल्या घटकांचे आकडे सरळ सांगतो. युरोपात पूर्वी याच्या उलट, म्हणजे कृती गुपित ठेवायची रीत होती. व्हेनिसने १२९१ साली काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या आणि पुढे तिथल्या कारागिरांना राज्य सोडून जायला बंदी घातली. जर्मनीतल्या मायसेनच्या पोर्सेलेनचा, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचा, शोध लावणारा ब्योटगर तर राजाच्या कैदेतच काम करत होता. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जला १९२० साली जपानी कुंभार हामादा यांच्याबरोबर भट्टी घालणाऱ्या इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांनी मात्र १९४० साली आपल्या कृती पुस्तकात छापल्या. हेच योग्य, असं आमचं ठाम मत आहे. पण कृती अर्धवट सांगण्यापेक्षा न सांगितलेली बरी.

लीच यांच्या नावाने चालणारं ‘चार-तीन-दोन-एक’ ग्लेझच घ्या. पोटॅश फेल्डस्पार हे खनिज ४० भाग, सिलिका म्हणजे गारेची भुकटी ३०, व्हायटिंग म्हणजे खडूची भुकटी २०, चायना क्ले म्हणजे पांढरी चिनी माती १०. चाचणीसाठी हजार ग्रॅम पुरे. बादलीत आधी साधारण एक लिटर पाणी, मग त्यावर भुकटी. उलट केलं तर गुठळ्या होतात आणि धूळ उडते. सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची खराब करते, म्हणून मास्क हवाच. मिश्रण ८० मेशच्या, म्हणजे इंचाला ८० छिद्रं असलेल्या, चाळणीतून दोनदा गाळायचं. १००० अंश सेल्सिअसला भाजलेलं भांडं तीन सेकंद बुडवून काढायचं आणि १२८० अंशांच्या आसपास पुन्हा भाजायचं.

एवढंच सांगून थांबलात, तर घेणारा हमखास फसतो. या मिश्रणात एक टक्का लाल आयर्न ऑक्साइड घातला, की गॅसच्या भट्टीत हवा कोंडून भाजल्यावर सेलाडॉन नावाचं निळसर हिरवं ग्लेझ मिळतं, कारण ऑक्सिजन कमी पडला की लोखंडाचं रूप बदलतं. विजेच्या भट्टीत हवा भरपूर असते, म्हणून त्याच बादलीतून फिकट पिवळट रंग निघतो. मग ‘मुद्दाम चुकीचे आकडे दिले’ असा संशय येतो, आणि माणसं दुरावतात. खरं तर भट्टीचा प्रकार तेवढा सांगायचा राहिलेला असतो.

जाडीचंही तसंच. ‘सायीसारखं घट्ट’ असं म्हणू नका. १०० मिलिलिटर मिश्रणाचं वजन करा आणि तो आकडा द्या. १४० ते १४५ ग्रॅमपासून सुरुवात करता येते. थर पातळ पडला तर सेलाडॉनला खोली येत नाही, फार जाड झाला तर ग्लेझ ओघळून भट्टीच्या फळीला चिकटतं. बारीक जाळीदार तडे गेले, तर भाजल्यानंतर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलंय असं समजा; सिलिका पाच भागांनी वाढवून बघा. ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडली, तर बहुधा भांड्यावर धूळ किंवा तेलकट बोटं लागलेली असतात. कृतीत बेरियम कार्बोनेट असेल, तर तो विषारी आहे हे पहिल्याच ओळीत लिहा.

घेणाऱ्याचंही कर्तव्य आहे. कृती कुणाकडून आली, ते नाव वहीत आणि पुढे सांगताना तोंडात राहू द्या. ग्लेझ घ्या, पण दुसऱ्याच्या भांड्याचा आकार आणि त्याची नक्षी उचलू नका. पहिल्यांदा भांड्यावर नाही, तर आपल्याच मातीच्या पट्टीवर लावून बघा. पट्टीच्या मागे क्रमांक लिहायचा तो पाण्यात कालवलेल्या आयर्न ऑक्साइडने. पेन्सिल आणि शाई भट्टीत जळून जाते.