शेंड्यावरचा डोळा

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा म्हणजे कॅनडातल्या ओटावात आम्हा बागकाम करणाऱ्यांची सुगी. रात्री दव गोठायला लागलेलं असतं, पण जमीन गोठायला नोव्हेंबरची अखेर उजाडते. मधल्या पाच-सहा आठवड्यांत ट्युलिपचे कंद पंधरा-वीस सेंटिमीटर खोल पुरायचे, कलमी गुलाबांच्या बुडाशी मातीची भर घालायची, तुषार सिंचनाच्या पायपांत कॉम्प्रेसरने हवा मारून पाण्याचा थेंब न् थेंब बाहेर काढायचा. दिवसाला चार-पाच बागा उरकतो.

त्या दिवशी तिसरी बाग एका त्र्याऐंशी वर्षांच्या आजींची होती. माझ्याबरोबर पंजाबातून शिकायला आलेला एक पोरगा होता, त्याचा हा पहिलाच हंगाम. मी डेलियाचे कंद काढायला बसलो. थंडीनं पानं काळी पडली की खोड वीतभर ठेवून कापायचं आणि फूटभर लांबून दातेरी फावडं घालून गड्डा अलगद उचलायचा. कंदाची मान मोडली तर तो कंद गेला, कारण डोळा, म्हणजे नवी फूट निघते ती कळी, मानेच्या वरच असतो. या कामात मी कुणाला हात लावू देत नाही. पोराला म्हटलं, "कुंपणाजवळची झुडपं तू घे, गुडघ्याइतकी ठेव." हात कुंपणाच्या दिशेनं केला आणि परत मातीत घातला.

कुंपणाजवळ हायड्रेंजियाची तीन फुलझाडं होती. पॅनिक्युलाटा जातीच्या, नव्या फुटीवर फुलणाऱ्या, त्यामुळे कितीही कापा. त्यांच्या शेजारी लायलॅक होता, सुवासिक फुलांच्या तुऱ्यांचं मोठं झुडूप.

हेज ट्रिमरचा आवाज फार वेळ चाललाय हे कानाला जाणवलं तेव्हा मान वर केली. हायड्रेंजिया झाल्या होत्या, आणि लायलॅकचं डोकं फूट-दीड फूट उतरवून पोरगा बाजू समतल करत होता. काम सफाईचं होतं. मी ओरडेपर्यंत फक्त कुंपणाच्या फटीतली मागची बाजू राहिली होती, जिथं यंत्र पोचत नव्हतं.

हा लायलॅक साधा नव्हता. इथल्याच सेंट्रल एक्स्परिमेंटल फार्म या सरकारी शेती संशोधन केंद्रावर इझाबेला प्रेस्टन या बाई 1920 पासून कामाला होत्या. त्यांनी संकर करून काढलेल्या वाणांपैकी हा. थंडीला काटक, आणि साधे लायलॅक मे महिन्यात फुलून गेल्यावर जूनमध्ये बहरणारा. साध्या लायलॅकच्या काडीला टोकाशी डोळ्यांची जोडी असते. याच्या काडीला शेंड्यावर एकच जाडजूड डोळा असतो आणि तुरा त्यातूनच निघतो. तो उन्हाळ्यातच भरलेला असतो. म्हणजे झाड बुडातून तोडायची गरज नाही, नुसता शेंडा मारला की त्या काडीचं पुढच्या वर्षीचं फूल संपलं.

खाली पडलेली एक काडी उचलली आणि चाकूनं डोळा उभा चिरला. बाहेरचे तपकिरी खवले, आत फिकट हिरवे, आणि मधोमध बाजरीच्या कणसासारखा बारीक दाण्यांचा तुरा. नखाएवढा, पण पूर्ण. पोरगा वाकून बघत राहिला.

मी निफाडचा. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीआधी द्राक्षाच्या काड्या तपासून आणतात, घड कितव्या डोळ्यात आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मगच कात्री चालते. तिथं ऑक्टोबरची छाटणी घड आणते, इथं ऑक्टोबरची छाटणी फूल नेते. डोळा बघितल्याशिवाय काडीला हात लावायचा नाही हे वडिलांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं. पोराला शिकवायला मला दोन मिनिटं लागली असती.

"पाजी, तुम्हाला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

माहीत होतं. दोन वर्षं मी त्या बागेत जातोय.

सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, काही बोलू नकोस, जूनमध्ये फुलं नाही आली तर हिवाळा कडक गेला म्हणून सांगू. या धंद्यात हे सर्रास चालतं, आणि हिवाळा बिचारा काही बोलत नाही. गिऱ्हाइकांचीही एक सवय याला खतपाणी घालते: बर्फ पडायच्या आत सगळं कापून स्वच्छ दिसलं पाहिजे. आमच्या कामाच्या कागदावरही दोनच शब्द असतात, 'फॉल क्लीनअप', म्हणजे हिवाळ्याआधीची साफसफाई. कुठलं झुडूप जुन्या काडीवर फुलतं आणि कुठलं नव्या, यासाठी त्यावर जागाच नाही.

मी चिरलेली काडी घेऊन दार वाजवलं. त्र्याऐंशीव्या वर्षी एक जून हातचा जाणं म्हणजे काय, याचा हिशोब मला करवत नव्हता. आजींना डोळा दाखवला, कुणी सांगितलं आणि कुणी कापलं ते दोन्ही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. रागावल्या नाहीत. "शिल्लक किती आहेत?" एवढंच विचारलं. मी मागं जाऊन मोजले. अकरा.

आजींनी कंपनीत तक्रार केली नाही, पण मी फोनवरचं ऐकलं नाही म्हणून सुपरवायझर अजून धड बोलत नाही. पोरगा आता प्रत्येक झुडपापाशी थांबून विचारतो, "याचा डोळा कुठं?" त्याचं विचारणं मला बरं वाटतं आणि प्रत्येक वेळी तो दिवसही आठवतो.

नोव्हेंबरात गुलाबांना भर घालायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, या अकरा काड्या सशांपासून वाचव. इथले ससे हिवाळाभर झुडपांच्या काड्या कुरतडतात. काम कागदावर नव्हतं, म्हणून आम्ही दोघं सुटी झाल्यावर गेलो. पोरानं जाळी धरली, मी खुंट्या ठोकल्या. तो म्हणाला, गुडघ्याइतकी पुरे. मी छातीपर्यंत घेतली. बर्फ साचला की ससे त्याच बर्फावर उभे राहून वरच्या काड्यांपर्यंत पोचतात, हे त्याला या वेळी हातोडा खाली ठेवून सांगितलं.