डॉक्टर कधी बघणार?

पट्टीवर दुसरी रेघ उमटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मी इथे लंडनमध्ये जीपीच्या, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अभिनंदन केलं आणि लगेच म्हणाल्या, "यासाठी डॉक्टरांची अपॉइंटमेंट लागत नाही. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर फॉर्म भरा, मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, बोलावेल." कधी? आठव्या-नवव्या आठवड्यात. सोनोग्राफी? ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान. आणि मी खरंच गरोदर आहे का, हे कोण तपासणार? कुणीच नाही. घरच्या चाचणीवर इथे विश्वास ठेवतात.

फोन ठेवला आणि हाउन्स्लोच्या आमच्या छोट्या स्वयंपाकघरात कितीतरी वेळ नुसती उभी राहिले.

संध्याकाळी भारतातून वहिनीचा फोन आला. "डॉक्टर कोण गं तुझ्या?"

"डॉक्टर नाहीत अजून."

"नाहीत म्हणजे?"

वहिनीची सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली होती. हातात फाइल होती, गोळ्या होत्या, डॉक्टर मॅडमचा मोबाइल नंबर होता. माझ्याकडे काय, तर फॉर्म मिळाल्याचा एक ईमेल. मागून आईचा आवाज आला, "एवढे पैसे भरता तिथे, आणि साधं कुणी तपासत नाही?" व्हिसा काढताना माणशी वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, भरलाय, तो आईच्या चांगला लक्षात आहे. मी इथल्या पद्धतीची बाजू घेऊन तावातावाने बोलले. फोन ठेवल्यावर मात्र रडू आवरलं नाही.

त्या रात्री एकच गोष्ट मनात घोळत होती, जी मला आधी कुणी नीट सांगितली नव्हती. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकते त्या दिवशी तुम्ही चार आठवड्यांच्या गरोदर असता, पण गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. त्याच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया, म्हणजे न्यूरल ट्यूब, सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटूनही जाते. म्हणजे फॉलिक ॲसिड ज्यासाठी घ्यायचं, ते काम डॉक्टरांचं तोंड बघण्याआधीच उरकलेलं असतं. इथे ४०० मायक्रोग्रॅमची गोळी केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते आणि मूल हवं असं ठरलं की दिवस राहण्याआधीच सुरू करा म्हणतात, ती बाराव्या आठवड्यापर्यंत. मधुमेह असेल किंवा थॅलेसेमियाचं वाहकपण असेल तर ५ मिलिग्रॅमची लागते, आणि ती डॉक्टरच लिहून देतात. तिकडे माझ्या ज्या मैत्रिणी 'बघू आता' म्हणताहेत, त्यांनी निदान एवढं तरी आजच करावं.

सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली. नुसती सकाळचीच नाही, दिवसभर. जिरं तडतडलं की मी खिडकीत. आणि थकवा असा, की दुपारी तीनला ऑफिसात डोळे मिटायला लागायचे. लंडनच्या भुयारी रेल्वेत गरोदर बायकांना 'बेबी ऑन बोर्ड' असा पांढरा बिल्ला फुकट मिळतो. पोट दिसत नसतं तेव्हाच त्याची खरी गरज. पिकाडिली लाइनवर तो कोटाला लावला की कुणी ना कुणी उठतंच. एकदा तर शाळेचा मुलगा उठला, काही न बोलता, दप्तर छातीशी धरून दाराशी जाऊन उभा राहिला. ऑफिसच्या स्टेशनवर उतरले की मी बिल्ला काढून खिशात टाकायचे, कारण तिथे अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात, शनिवारी रात्री, रक्ताचा डाग दिसला.

१११ ला, म्हणजे इथल्या आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन केला. पोटात एका बाजूला जोरात दुखतंय का, खांद्याच्या टोकाला दुखतंय का, चक्कर येतेय का, असं शांतपणे विचारलं. ही गर्भ नळीत राहिल्याची लक्षणं असू शकतात, तसं काही झालं तर थेट इमर्जन्सीत या. नसेल तर सोमवारी अर्ली प्रेग्नन्सी युनिटमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या सुरुवातीच्या गरोदरपणाच्या विभागात. सोमवारी! मधल्या दोन रात्री मी कशा काढल्या ते मलाच ठाऊक. आईच्या डॉक्टरांनी रात्री अकराला दवाखाना उघडला असता, हे मी आजही ठामपणे म्हणते.

सोमवारी सोनोग्राफीच्या खोलीत त्या बाईंनी आधीच सांगितलं, "मी थोडा वेळ गप्प राहीन, म्हणजे काही वाईट आहे असं समजू नका." मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. दहा मिलिमीटर. वाटाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात एक ठिपका भराभर लुकलुकत होता. नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

वहिनीने बजावल्याप्रमाणे मी विचारलं, गर्भ टिकायला मदत करणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक नाही का देणार? नर्सने खुर्ची ओढली आणि समोर बसून समजावलं. बर्मिंगहॅममधून चालवलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिझम नावाच्या अभ्यासात ४,००० हून अधिक बायका होत्या. रक्तस्राव होतोय आणि आधी गर्भपातही झालाय, अशांना त्याचा फायदा दिसला, म्हणून २०२१ पासून त्यांना देतात. माझी ही पहिलीच खेप, म्हणून नाही. मग म्हणाली, कळून आलेल्या आठ गर्भधारणांपैकी साधारण एक टिकत नाही, बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे. तुम्ही जिना चढलात, वजन उचललंत, म्हणून नव्हे. हे मला याआधी कुणीच इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं नव्हतं. आमच्याकडे पडून राहा म्हणतात, आणि काही झालंच तर बाई आयुष्यभर स्वतःला विचारत बसते, मी काय केलं?

तरीही नवव्या आठवड्यात मी पैसे मोजून खासगी सोनोग्राफी करून घेतली. वैद्यकीय कारण काहीच नव्हतं. मला ठोके बघायचे होते, आईला फोटो पाठवायचा होता. इथल्या मैत्रिणीला ती उधळपट्टी वाटली. मला नाही वाटत. दोन रात्री जिने तशा काढल्या, तिला तेवढा हक्क आहे.

मिडवाइफ त्याच आठवड्यात भेटली. तासभर प्रश्न. नवरा-बायको नात्यातले आहात का? हा प्रश्न मला झोंबला, पण तो सगळ्यांनाच विचारतात म्हणे. नंतर नवऱ्याला बाहेर बसवून तिने विचारलं, "घरात तुम्हाला कुणाची भीती वाटते का?" आमच्या घरात कुणी आवाजही चढवत नाही, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. ती हसली आणि पुढचा रकाना भरला. परतताना बसमध्ये मला आमच्या जुन्या चाळीतल्या दोघी आठवल्या, ज्यांना हे बंद दाराआड कुणी विचारायला हवं होतं.

तीन महिने कुणाला सांगू नये, असं आई म्हणते. मी अकराव्या आठवड्यात लिहितेय, आईला विचारून. सगळ्यात एकटं वाटतं ते याच आठवड्यांत, आणि गप्प राहायचं तेही नेमकं याच आठवड्यांत.

येत्या बुधवारी सकाळी साडेदहाला पहिली रीतसर सोनोग्राफी आहे. आईने फोन चार्ज करून देवघरापाशी ठेवणार म्हणून सांगितलंय. आमचे साडेअकरा वाजले की तिच्याकडे दुपारचे चार.