घोरपडीची मूठ

कोल्हापूरजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयाचं जुनं सागवानी दार दुरुस्तीला काढलं, तेव्हा कार्यवाहांनी मला बोलावून घेतलं. आवारात एखादा अर्धपुतळा करून द्याल का, असं विचारलं. मी म्हटलं, साहेब, पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो. दाराच्या मुठीला रोज हात लागतो. मला मूठ करू द्या, ब्राँझची.

हे माझ्या मनात बरीच वर्षं होतं. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती बघायला लोक टाऊन हॉलच्या संग्रहालयात जातात. त्याच उत्खननात ब्राँझची भांडीही निघाली होती. माझा जीव त्या भांड्यांत अडकलेला. कुणीतरी ती रोज उचलली असतील, त्यांतून ओतून घेतलं असेल. रोज वापरायची वस्तूसुद्धा मन लावून घडवता येते, हे मला कुणी वर्गात शिकवलं नव्हतं.

मी दारावर चढणारी घोरपड करायचं ठरवलं. तोंड वर, पोट दारापासून सुटं म्हणजे तिथे बोटं जातील, आणि शेपटी खाली लांबवर, म्हणजे बालविभागात येणाऱ्या पोरांच्या हाताला लागेल. एकूण ६० सेंटिमीटर. समितीत एकाने "ही तर पाल दिसते" म्हणून नाक मुरडलं. मी वाद घातला नाही. प्लास्टरमध्ये एक प्रत ओतली, तारेने दारावर बांधली आणि आठवडाभर तिथेच बसून राहिलो. लोक कुठे हात घालतात, ओढताना मनगट कसं वळतं, तेवढंच बघत होतो. एक निवृत्त बाई रोज मासिकं वाचायला येतात, त्यांची बोटं संधिवाताने जाड झालीत. पोटाखालच्या चार सेंटिमीटरच्या फटीत ती जाईनात. फट पाच केली, पाठीवरचे खवले हाताला टोचत होते ते बोथट केले. डोळ्यांना ते खवले छान दिसत होते, पण इथे हाताचं ऐकायचं होतं.

ओतकामाला मी पंपाच्या बुशा ओतणारी एक फौंड्री गाठली. त्यांची नेहमीची धातू म्हणजे गनमेटल: ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. शिशामुळे मशीनिंग सोपं जातं. पण ज्या मुठीला हात लावून पोरगं तोच हात तोंडात घालणार, तिच्यात मला शिसं नको होतं. ९० टक्के तांबं, १० टक्के कथील, एवढंच सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "लेड नसलं तर फिनिशिंगला तरास होतोय बघा." होऊ दे म्हटलं. पहिल्या ओतीचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय किती आहे त्याची तपासणी, आला त्यात शिसं ४ टक्क्यांच्या वर! आधीच्या हीटमधली, म्हणजे आधी वितळवलेली, धातू मुशीत तशीच राहिली होती. शिवाय पुढचे पाय अंगाला मिळतात तिथे आत पोकळी धरली होती. जाड जागा सगळ्यात शेवटी थंड होते आणि तिला भरायला वरून धातू मिळत नाही, म्हणून असं होतं. ती घोरपड मी परत दिली. रबराचा साचा शाबूत होता, म्हणून त्यातून पुन्हा मेणाची घोरपड काढली, खांद्यावर वेगळा रायझर, म्हणजे जाड जागेला वरून धातू पुरवणारा उंचवटा, लावला, प्लास्टर आणि विटेच्या भुग्याचं कवच चढवलं, दोन दिवस भट्टीत मेण जाळलं. नवी मूस, नवी धातू. या वेळी रिपोर्ट स्वच्छ आला. मिस्त्रींनीच फोन करून सांगितलं, त्यांचाही आवाज हलका झाला होता.

पुढची चूक माझी. सुताराला बोल्टच्या भोकांसाठी कागदी नमुना दिला तो मूळ मातीच्या घोरपडीवरून काढलेला. मेण आकसतं, ब्राँझ थंड होताना आणखी आकसतं. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या अंतरात जवळपास एक सेंटिमीटर कमी भरलं. शंभर वर्षांच्या सागवानात चुकीचं भोक! सुतारकाकांनी एक शब्द न बोलता सागाचाच गुज्जा ठोकून ते बुजवलं आणि घोरपड प्रत्यक्ष दाराला लावून नवीन खूण केली.

रंगासाठी ब्लोटॉर्चने तापवत लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या रसायनाचे हात दिले, तपकिरी झाल्यावर नुसतं मेण चोळलं. लॅकर मुद्दाम टाळलं, हात लागून त्याचे पोपडे निघतात. खंडेनवमीला वाचनालयाच्या शिपाईमामांनी चिंच लावून घोरपड लख्ख घासली आणि झेंडूचा हार घातला. माझा रंग गेला. क्षणभर पोटात कालवलं, पण शस्त्रांच्या, अवजारांच्या पूजेच्या दिवशी त्यांनी मुठीला अवजार मानलं होतं. रंग पुन्हा दिला. मामांच्या हातात मेणाची डबी आणि मऊ फडकं ठेवलं, आता महिन्यातून एकदा तेच पुसतात.

शेपटीचा बोल्ट मात्र दर चार-पाच महिन्यांनी सैल होतो. पोरं तिला लोंबकळतात. कार्यवाहांचा फोन आला की मी पाना घेऊन जातो.