मिलोंगा खुर्च्यांपासून सुरू होते

टँगो या जोडीने करायच्या नाचावर बोलायला बसलं की गाडी लगेच आलिंगनावर येते. पण नवखा माणूस दुसऱ्या खेपेला येणार की नाही, हे बहुतेक वेळा आलिंगनाच्या आधीच ठरतं. तो कुठे बसला होता, त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडत होता का, आणि पहिल्या तासाभरात कोणी त्याच्याकडे पाहिलं का, यावर.

अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या जुन्या वळणाच्या मिलोंगांमध्ये (मिलोंगा म्हणजे टँगो नाचायला जमायचा कार्यक्रम; याच नावाची एक चपळ लयही आहे, तेव्हा गल्लत नको) आत शिरून हवी ती खुर्ची धरायची पद्धत नाही. आयोजक पुढे होतो, गालाला गाल लावून स्वागत करतो आणि टेबलापर्यंत नेऊन बसवतो. बायका एका बाजूला, पुरुष समोर, जोडपी आणि मित्रमंडळी टोकाला किंवा मागे. आपल्याला हे जुन्या काळच्या पंगतीसारखं वाटतं. कारण मात्र साधं आहे: समोरासमोर बसलं की नजर भिडते, आणि तिथे नाचायला बोलावतात ते नजरेनेच. जोडीने शेजारी बसलात, तर बाकीचे तुम्हाला ‘हे एकमेकांचेच’ असं धरून चालतात आणि वाटेला जात नाहीत. म्हणून इतरांबरोबर नाचायची इच्छा असलेली नवरा-बायको तिथे वेगवेगळी बसतात.

नजरेच्या या बोलावण्याला काबेसेओ म्हणतात. ‘काबेसा’ म्हणजे डोकं. संगीत सुरू झालं की पंधरा-वीस सेकंद नुसतं ऐकायचं. कुठला वाद्यवृंद आहे ते कळलं, की ज्याच्याबरोबर तो नाचावासा वाटतो त्याच्याकडे बघायचं. समोरून नजर परत आली आणि टिकली, तर लीडर (जोडीत नाच पुढे नेणारा) मान किंचित खाली किंवा नाचाच्या जागेच्या दिशेने कलवतो, समोरून होकाराची मान येते. नको असेल तर नजर सहज दुसरीकडे वळवायची. कोणी कोणाला नकार दिला हे तिसऱ्याला कळत नाही, आणि या सगळ्या खटाटोपाचं मोल तेवढंच आहे.

घोटाळा होतो तो पुढच्या पाच सेकंदांत. मान हलली की फॉलोअर (लीडरच्या इशाऱ्याने नाचणारी) उत्साहाने उठते, आणि तिच्या मागच्या रांगेतलीही कोणी उठते, कारण आठ मीटरवरून कोणाची मान कोणासाठी हलली हे नक्की सांगता येत नाही. म्हणून उठायचं नाही. लीडर नाचाच्या जागेच्या कडेकडेने चालत अगदी खुर्चीसमोर येईपर्यंत नजर तशीच ठेवायची आणि मग उभं राहायचं. एवढा एक नियम नवख्याला दारातच सांगितला, तर संध्याकाळभराची एक मोठी शरम टळते. आपल्याकडच्यांसाठी यात एक जादा अडचण आहे. आपली मान आडवी डोलते, आणि ते ‘हो’ की ‘बघू’ की ‘ऐकतोय’ हे आपलं आपल्यालाच धड ठाऊक नसतं. काबेसेओत मान उभीच हलवायची.

हे सगळं जमायचं तर चेहरे दिसायला हवेत. ‘वातावरण’ म्हणून लाल दिवे लावून खोली अंधारी केली की काबेसेओ मेला, आणि मग ज्यांची ओळख आहे तेच एकमेकांना हाक मारून उठतात. नाचाच्या मधल्या जागेवर उजेड कमी असला तरी चालतो. भिंतीकडच्या खुर्च्यांवर तो हवा, आणि तोही समोरून. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. हॉल फार लांब असेल तर खुर्च्या लांबीच्या दोन बाजूंना मांडाव्यात, म्हणजे समोरची रांग दहा मीटरच्या आत येते. नवख्याला खांबाच्या मागची, खाण्याच्या टेबलाजवळची किंवा दाराच्या तोंडाशी असलेली खुर्ची कधीही देऊ नये. पहिल्या रांगेत, दोन बोलक्या जुन्या लोकांच्या मध्ये बसवावं. जुन्यांना हे आवडत नाही, कारण पुढच्या खुर्च्या म्हणजे मान. आयोजकाने तेवढा वाईटपणा घ्यायला हवा.

आता जरा हिशोब. तांदा म्हणजे एकाच जोडीदाराबरोबर सलग नाचायच्या संगीताच्या तुकड्यांचा संच. टँगोच्या एका तांद्यात साधारण चार तुकडे, मिळून बारा मिनिटं. वाल्स (टँगोतला वॉल्ट्झ) आणि मिलोंगा लयीचे तांदे तीन-तीन तुकड्यांचे, आठेक मिनिटांचे. दोन तांद्यांमध्ये पाऊण मिनिटाची कोर्तिना, म्हणजे नाचायच्या नसलेल्या संगीताचा पडदा. तेवढ्यात सगळ्यांनी जागा रिकामी करायची. रूढ क्रम दोन टँगो, एक वाल्स, दोन टँगो, एक मिलोंगा. हे एक आवर्तन अडुसष्ट-सत्तर मिनिटांत संपतं, म्हणजे चार तासांच्या कार्यक्रमात वीस-एकवीस तांदे. जुना नाचणारा त्यातले चौदा-पंधरा नाचतो, नवखी बाई दोन नाचते आणि घरी जाते. दहा जुन्यांनी प्रत्येकी एकच तांदा नवख्यांसाठी ठेवला, तर तीन नवख्यांना तीन-तीन तांदे जादा मिळून वर एक उरतो. त्यासाठी भाषणं नकोत. आयोजकाने कोर्तिना चालू असताना एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘त्या निळ्या शर्टवाल्यांना आज कोणी उठवलं नाही’ म्हटलं की पुरतं. कोर्तिना वाजवलीच नाही किंवा दहा सेकंदांत उरकली, तर त्याच जोड्या जागेवर उभ्या राहतात आणि बसलेले बसूनच राहतात.

मात्र उपकार म्हणून दिलेला तांदा हाताला कळतो. पाठीवरचा हात सैल, नजर दुसऱ्या जोडीकडे, आणि पहिल्याच तुकड्यानंतर ‘ग्रासियास’. टँगोत या शब्दाचा अर्थ ‘धन्यवाद’ इतकाच नाही, ‘आपलं पुरे झालं’ असाही आहे. नवख्यांना ते ठाऊक नसतं. सौजन्य म्हणून ते दुसऱ्या तुकड्यानंतर ग्रासियास म्हणतात आणि जोडीदार गोंधळून जागेवर सोडून येतो. हेही दारातच सांगावं: तांदा संपेपर्यंत हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

नवख्या फॉलोअरबरोबरचा पहिला तांदा कसा नाचावा? संगीत ठाम पावलांचं असावं. कार्लोस दी सार्ली यांचे वाद्यवृंद चालायला उत्तम, फ्रान्सिस्को कानारो यांचेही. हुआन दारिएंसो यांची लय स्पष्ट पण खट्याळ आहे, ती थोडी सरावल्यावर. ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या ताणलेल्या, मध्येच श्वास रोखणाऱ्या तुकड्यांवर नवख्याला उठवणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला भर पावसात खाडीत सोडणं. डीजेने संध्याकाळीच सोप्या तांद्यांची सोय ठेवावी, कारण नवखे लवकर येतात आणि लवकर जातात.

संगीत सुरू झालं तरी लगेच निघायचं नाही. ब्युनोस आयर्समध्ये प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला जोड्या थोडा वेळ गप्पा मारत उभ्या असतात. तो वेळ वाया जात नाही. मग लीडरने डावा हात पुढे करायचा आणि थांबायचं. किती जवळ यायचं हे फॉलोअर ठरवते. तिने अंतर ठेवलं, तर ते तसंच राहू द्यायचं. तिसऱ्या-चौथ्या तुकड्यापर्यंत बहुधा ते आपोआप कमी होतं. उजव्या हाताने ओढून कमी केलं, तर तिची पाठ ताठ होते आणि मग एकही पाऊल नीट लागत नाही. आपल्याकडे, जिथे अनोळखी माणसाला मिठी मारायची सवयच नाही, हे दुप्पट जपावं लागतं. पहिलं पाऊल टाकण्याआधी जागच्या जागी दोनदा वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं. तिचं वजन कुठल्या पायावर आहे हे न कळता निघालं की पहिल्याच पावलाला गुडघ्यावर गुडघा. नंतर चालणं, थांबणं, एखादा आगेमागे झोका, फार तर एक साधा ओचो, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वळण. पाय हवेत उडवायचे प्रकार गर्दीत जुन्यांनीही करू नयेत. आणि नाचता नाचता शिकवायचं नाही. चूक सांगायची तर प्राक्तिका, म्हणजे सरावाची बैठक, त्यासाठीच असते. आठवड्यातून एक प्राक्तिका नसेल तर लोक मिलोंगातच मास्तरकी करणार.

जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. याला रोंदा म्हणतात. रांगेत शिरण्याआधी, मागून येणाऱ्या लीडरची नजर घेऊन त्याची मान हलल्यावर शिरायचं, म्हणजे इथेही तेच काबेसेओ. धक्का लागला तर चूक कोणाचीही असो, दोघांनी हात उंचावून क्षमा मागायची.

पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी टँगोचे गट लहान असतात, आणि फॉलोअर जास्त, लीडर कमी हे नेहमीचंच. त्यावर जुना उपाय आहे. ब्युनोस आयर्समध्ये एके काळी मुलगे पुरुषांच्याच प्राक्तिकांमध्ये शिकत. आधी कित्येक महिने फॉलोअरची बाजू, मग लीडरची. दोन्ही बाजू सगळ्यांना थोड्या तरी शिकवल्या की कोणी संख्येमुळे भिंतीला टेकून बसत नाही. क्वीअर टँगोवाल्यांनी (लीडर-फॉलोअर कोण हे स्त्री-पुरुष पाहून न ठरवणाऱ्यांनी) हेच जगभर नेलं, आणि बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी ही अटही काढून टाकली. छोट्या हॉलमध्ये तसंच बरं: खुर्च्या समोरासमोर ठेवा, कोण कुठे बसतंय याची चौकशी नको.

आपल्या हॉलमध्ये लाकडी फरशी क्वचितच मिळते. टाइल्सवर रबरी तळवा अडकतो, शरीर वळतं, पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. नवख्यांसाठी गुळगुळीत तळव्याचे किंवा निदान जुने, झिजलेले बूट सुचवावेत. सरळ फरशीवर पावडर टाकू नये. कोपऱ्यात एका ताटलीत ठेवावी, ज्याला हवी त्याने बुटाला लावावी. मे महिन्यात दोन शर्ट, एक नॅपकिन. हे स्पष्ट शब्दांत कळवावं, कारण घामाबद्दल तोंडावर कोणी बोलत नाही, फक्त पुढच्या तांद्याला नजर वळते.

शेवटी ‘ला कुम्पार्सिता’ हा टँगो वाजतो, हेरार्दो मातोस रोद्रिगेस या उरुग्वेतल्या मोंतेविदेओच्या तरुणाने रचलेला. शेवटचा तांदा आहे हे आधी जाहीर करतात, आणि लोक तो आपल्या माणसासाठी राखून ठेवतात. म्हणजेच नवखा हमखास बसलेला असतो. आयोजकाने स्वतःचा तो तांदा मोकळा ठेवावा. मग दिवे लावावेत आणि खुर्च्या उचलायला नवख्यालाही हाक मारावी. संध्याकाळभर ‘हो’, ‘नाही’ करणारी माणसं दोन खुर्च्या एकात एक घालताना हमखास विचारतात, ‘पुढचं कधी आहे?’