बाळाच्या पहिल्या छायाचित्रांची तयारी

बाळ आज आठ दिवसांचे झाले. परवा, म्हणजे बारशाच्या आधी, घरीच त्याची छायाचित्रे काढायची असल्यामुळे छायाचित्रकार ताई आज खोल्या पाहून गेल्या. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपते आणि अंग मुडपून निजते, म्हणून हेच दिवस त्यांना सोयीचे वाटतात. मी दिवाणखाना आवरून ठेवला होता. त्यांनी मात्र बाळंतिणीच्या खोलीतली पूर्वेची खिडकी निवडली, पातळ पडद्यातून येणारा सकाळचा उजेड पुरेसा असल्याने फ्लॅश लागणार नाही असे सांगितले आणि पंखा बंद ठेवून खोली उबदार राखायला सुचवले. हातांवर हनुवटी टेकवलेल्या बाळाचे जे छायाचित्र सगळीकडे दिसते, ते दोन छायाचित्रे जोडून केलेले असते आणि ती काढताना कोणीतरी बाळाला धरूनच असते, हे ऐकून सासूबाईंचा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा दृष्टीचा होता. गालावरची तीट पुसायची नाही, या अटीवर तोही मिटला. टोपली आणि फुलांचा मुकुट मी नाकारला (हौस आमची, अवघडणार ते!) आणि आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडीच अंथरायचे ठरवले. अंघोळ आणि दूध उरकून बाळ नऊपर्यंत झोपायला हवे, म्हणून मालीशवाल्या मावशींना परवा तासभर लवकर बोलावले आहे.