भाचीच्या बारशासाठी खणाची कुंची

दादाला मुलगी झाली तेव्हाच मी घरात सांगून टाकलं, कुंची मी शिवणार. कुंची म्हणजे बाळाची टोपी आणि तिला गळ्याशी जोडलेला पाठीवरचा घेर. बारशाला कुंची आत्याने न्यायची, हे आमच्याकडे ठरलेलं. बाजारातल्या कुंच्या पाहिल्या, पण मन घेईना. वरून लखलखीत, आणि आत हात घातला की जरीच्या लेसचे दोरे, टिकल्यांच्या गाठी, कडक जाळी. बारा दिवसांच्या पोरीच्या कानाला, गालाला तर आतलीच बाजू लागणार. म्हणून मी आधी अस्तराचा विचार केला, खणाचा नंतर.

अस्तराला आईची जुनी सुती साडी घेतली. आई म्हणाली, "काठापदराकडचं नको गं, मधलं घे. धुऊन धुऊन मऊ झालंय ते." शिवाय असं कापड आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं, ही मोठी सोय. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, डाळिंबी. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरत नाही ना, ते आधी पाहिलं. अंगावर येणाऱ्या कपड्याला ही परीक्षा हवीच. बाळ कडा तोंडात घालतंच.

खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, जेमतेम 31 इंच आणि दोन्ही कडांना काठ. तो तसाच पूर्ण ठेवून 18 इंच लांबीचा घेर कापला, म्हणजे दोन्ही काठ आपोआप पुढे, उघड्या कडांवर आले. उरलेल्यातून काठासकट 16 बाय 7.5 इंचांची पट्टी टोपीसाठी. ही पट्टी मधोमध दुमडून मागची बाजू शिवली की टोपी तयार, काठ चेहऱ्याभोवती. मागे एक इंच माया ठेवली, म्हणजे पुढे सोडता येईल असं जास्तीचं कापड शिवणीच्या आत राखलं. जन्मतः बाळाचं डोकं साधारण 35 सेंटिमीटर असतं आणि तीन महिन्यांत 40 च्या आसपास जातं. माया नसेल तर कुंची बारशापुरतीच.

खण आणि अस्तर सुलट बाजू आत करून कडेने टीप मारली आणि उलटवलं. सगळे दोरे दोन कापडांच्या मध्ये गेले.

खरा वेळ गेला तो चुण्यांत. 31 इंचांचा घेर 12 इंचांच्या गळ्याला बसवायचा. सगळीकडे सारख्या चुण्या घातल्या तर दिसायला छान दिसतं, पण बाळ उताणं झोपतं आणि मानेखाली कापडाचा गठ्ठा येतो. मी मानेमागचे दोन इंच सपाट ठेवले आणि चुण्या दोन्ही खांद्यांकडे सरकवल्या. आधी लांब टाक्यांच्या दोन कच्च्या टिपा, मग दोरा हळूहळू ओढत, नखाने एकेक चुणी सारखी करत. खणाला घाई चालत नाही, दोरा तुटतो. आतल्या जोडावर साडीचीच उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी हाताने लावली. मशीनची टीप तिथे कडक लागते, हेमचे टाके लागत नाहीत.

मणी, मोती, घुंगरू काहीच लावलं नाही. वहिनीच्या आईंना गोंडा हवा होता, तर सुती दोऱ्याचा एकच केला आणि मागच्या टोकाला पक्का शिवला. नाड्या आखूड, गाठ बसेल एवढ्याच. पाळण्यात निजवलं की कुंची काढायची, हे वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनेही नाव ठेवून झाल्यावर लगेच काढली. मला ते फार आवडलं.

आता छकुली तीन महिन्यांची झाली. परवा मागची टीप उसवून माया सोडली, गळ्याच्या चुण्या थोड्या मोकळ्या केल्या. सकाळच्या उन्हात बाहेर नेताना वहिनी अजून तीच घालते.