क्षमेचा खर्च कुणाच्या नावावर?

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आमच्या तरुण संघाचा शास्त्राभ्यास (बायबलचा अभ्यास) रविवारी संध्याकाळच्या उपासनेनंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये असतो. येरवडा, खडकी, घोरपडी, वडगावशेरीकडची मुलंमुली येतात. कुणी बारावीत, कुणी आयटीआयला, एक जण हिंजवडीत नोकरीला. मी शाळेत गणित शिकवते, आणि यातल्या बऱ्याच जणांना मी रविवारच्या शाळेत शिकवलंय, म्हणून सगळे मला अजून टीचरच म्हणतात. यंदा मंडळीनं विषय दिले होते त्याग, क्षमा आणि विश्वास. पण अभ्यास खरा सुरू झाला तो आयटीआयच्या मुलानं विचारलेल्या एका प्रश्नापासून.

त्याच्या वडिलांच्या वाट्याची गावाकडची जमीन काकांनी परस्पर विकली. भावाबद्दल मनात राग आहे म्हणून वडील तेव्हापासून प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घेत नाहीत. मंडळीतली वडीलधारी माणसं घरी येऊन सांगून गेली की गुड फ्रायडे जवळ आलाय, भाऊच आहे तो, द्या आता सोडून. मुलानं विचारलं, "टीचर, पप्पांना सोडून द्या म्हणणाऱ्यांनी स्वतः काय सोडलं?" (त्या बापलेकांना विचारूनच हे लिहितेय.)

त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही या प्रश्नाभोवतीच वाचत राहिलो. आज मला ठामपणे वाटतं की हा प्रश्न उद्धट नाही. शास्त्र स्वतःच तो विचारतं.

त्यागासाठी बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा 22वा अध्याय घेतला. अब्राहाम, इसहाक आणि मोरियाचा डोंगर. देव अब्राहामाला मुलाचं, इसहाकाचं अर्पण करायला सांगतो आणि ऐन वेळी थांबवतो; मुलाऐवजी मेंढा अर्पण होतो. रविवारच्या शाळेत ही गोष्ट चित्रं दाखवून सांगताना झुडपात अडकलेला मेंढा आला की मुलं सुटकेचा श्वास टाकायची. यावेळी नर्सिंगला असलेली एक मुलगी मेंढ्यापर्यंत जायलाच तयार नव्हती. ती लाकडांपाशी थांबली. ज्या लाकडांवर त्याला ठेवायचं, ती इसहाकाच्याच पाठीवर आहेत. चालता चालता तो विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, मग होमार्पणाचं कोकरू कुठाय? बाप म्हणतो, देव बघेल. यानंतर उत्पत्तीत बापलेकांचं एकही बोलणं नाही. 19व्या वचनात अब्राहाम चाकरांकडे परत येतो, तिथं इसहाकाचं नावच नाही. पुढचा अध्याय साराच्या मृत्यूनं सुरू होतो. "अब्राहामाचा विश्वास मला कळतो," ती म्हणाली, "पण इसहाकाला कुणी विचारलं का?"

आणि मग तिनंच शास्ते या पुस्तकाचा 11वा अध्याय उघडला. लढाई जिंकलो तर घराच्या दारातून जे सामोरं येईल ते अर्पण करीन, असा नवस इस्राएलाचा सेनानायक इफ्ताह बोलतो आणि डफ वाजवत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी सामोरी येते. तिथं झुडपात मेंढा नाही. त्या मुलीचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. नवस बापाचा, जीव तिचा. आमच्या मुली यावर खूप वेळ बोलल्या. भावाच्या शिक्षणासाठी कुणाचं कॉलेज सुटलं, आईनं नोकरी का सोडली आणि घरात त्याला त्याग कसं म्हणतात, हे सगळं निघालं. मी मध्ये बोलले नाही. शेवटी मीखा या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 6वा अध्याय वाचायला दिला. माझ्या अपराधाबद्दल माझा प्रथमपुत्र देऊ काय, असं तिथं माणूस विचारतो. उत्तर येतं की न्यायानं वाग, दयेवर प्रेम कर, देवाबरोबर नम्रपणे चाल. दुसऱ्याला वेदीवर चढवणं हा आपला त्याग नव्हे, एवढं त्या संध्याकाळी सगळ्यांना मान्य झालं.

क्षमेसाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू ते साताच्या सत्तर पटीवर नेतो आणि कर्जदार चाकराचा दाखला सांगतो. राजा चाकराचं प्रचंड देणं माफ करतो, पण तोच चाकर सोबतच्या चाकराचं देणं सोडत नाही. इथं माझा विषय आला. फळ्यावर हिशेब मांडला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. चाकराचं राजाला देणं 10,000 तालांत, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर 2 लाख वर्षं. आयटीआयच्या मुलानं मजूर अड्ड्यावरची मजुरी 600 रुपये धरून मोबाइलवर गुणाकार केला. 3,600 कोटी! हसू पिकलं.

पण मग त्यानं दुसरी रक्कमही काढली. सोबतच्या चाकरानं या चाकराला देणं असलेले 100 दिनार, म्हणजे 60,000 रुपये. "टीचर, हे काही कमी नाहीत. यात सेकंड हँड गाडी येते."

आजवर ऐकलेल्या बहुतेक प्रवचनांत हे 100 दिनार किरकोळ म्हणून बाजूला ठेवलेले मी ऐकलेत. येशूनं चार आण्यांचं देणं सांगितलेलं नाही. गरीब माणसाची तीन महिन्यांहून जास्त मजुरी सांगितली आहे. क्षमा करणाऱ्याचं खरंच काहीतरी बुडतं. राजाचंही बुडालंच की! 3,600 कोटी हवेत विरले नाहीत, ते राजाच्या खजिन्यातून गेले. क्षमेचा खर्च असतो आणि तो क्षमा करणाराच सोसतो.

याच अध्यायात पेत्राच्या प्रश्नाच्या जरा आधी 15वं वचन आहे. भावानं तुझा अपराध केला तर जा, दोघं एकांतात असताना त्याचा दोष त्याला दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. म्हणजे गप्प बसणं ही पहिली पायरी नाहीच. आणि मत्तय 5 मध्ये अर्पण वेदीपुढं ठेवून आधी भावाशी समेट करायला कुणाला पाठवलंय? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला. ते वचन खरं तर काकांच्या दारात वाचायला हवं होतं. आम्ही ते वडिलांना वाचून दाखवलं. जक्कय या जकातदारानं येशूला फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं, तेही कुणी काकांना सांगितलं नाही.

हिंजवडीवाला मुलगा एवढ्यावर ऐकेना. वधस्तंभावर प्रभूनं कुणी माफी मागायची वाट बघितली का? लूक 23 मध्ये सैनिक खाली कपडे वाटून घेताहेत आणि हा म्हणतो, बापा, त्यांना क्षमा कर. हे खरं आहे आणि याला बगल देता येत नाही. पण उत्तर नर्सिंगच्या मुलीनं दिलं. खिळे त्याच्याच हातात होते, म्हणून ते त्यानं म्हणायचं. शेजारी उभं राहून दुसऱ्या कुणी त्याला "म्हण" असं सांगितलेलं नाही. मी यात काही भर घातली नाही.

मग योसेफ. मला स्वतःला ही सगळ्या जुन्या करारातली सर्वांत मोठी क्षमा वाटते. भावांनी त्याला विकलं 20 रुप्याच्या नाण्यांना, आणि विकायची कल्पना यहूदाची. पुढं योसेफ मिसरात मोठा अधिकारी होतो आणि दुष्काळात तेच भाऊ त्याच्याकडे धान्य मागायला येतात. योसेफ ओळख देत नाही. त्यांना पारखतो, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत आपला प्याला ठेवून चोरीचा आळ आणतो, त्याला गुलाम करून ठेवायची भाषा करतो. तेव्हा यहूदा पुढं येतो. या मुलाऐवजी मला ठेवून घ्या, म्हणतो. ज्यानं एका भावाला विकलं, तोच आता दुसऱ्या भावाच्या जागी स्वतःला देतोय. त्यानंतरच योसेफाला रडू आवरत नाही. त्याग आणि क्षमा समोरासमोर येतात त्या इथं.

राहिला विश्वास. आयटीआयच्या मुलाचे वडील म्हणतात, क्षमा होत नाही म्हणजे माझा विश्वासच कमी. त्यांच्यासाठी मुलांनी मार्क 9 निवडलं. आजारी मुलाचा बाप रडत म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत करा. येशू त्याला आधी विश्वास वाढवून या असं म्हणत नाही, मुलाला बरं करतो.

मंडळीतल्या काहींना वाटतं की एवढे प्रश्न विचारून पोरांचा विश्वास ढिला होईल. त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून देते. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर्सशी, म्हणजे जोगिणींशी, त्यांनी पत्रांतून तत्त्वावर वाद घातले. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासानं सुटले, ती दुसरं तसलंच जोखड घ्यायला नव्हे, असं स्पष्ट कळवलं. याच बाई पुढं मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. दौंडच्या गाडीनं जाऊन बघावं.

परवाच्या रविवारी फिलेमोनाला पत्र घेतलं. एकाच अध्यायाचं पत्र. ओनेसिम हा दास, त्याला प्रेषित पौल त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे परत पाठवतोय आणि भाऊ म्हणून स्वीकार म्हणतोय. फुकटची मध्यस्थी मात्र करत नाही. त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हातानं लिहून देतो. आयटीआयचा मुलगा ते वाचून म्हणाला, "हेच विचारत होतो मी."

त्याचे वडील ईस्टरनंतर गावी जाऊन काकांशी समोरासमोर बोलणार आहेत. काकांनी ऐकलं नाही तर मत्तय 18च्या 16व्या वचनाप्रमाणे एकदोन माणसं बरोबर लागतील. बुधवारच्या सभेत मी हा विषय काढला, सोडून द्या म्हणायला घरी गेलेल्यांतलं कोण जाणार असं विचारलं, आणि गाडीभाड्याला माझे पैसे पाळकसाहेबांकडे ठेवले. एका वडीलधाऱ्यांनी यायचं कबूल केलंय. दुसरं नाव अजून यायचंय.